पाच तारा आणि डब्यातली सुला

मी बेंजो बोलतोय. बटणं शोधू नका, मला नाहीत. वरातीत गाडीवर मांडून वाजवतात, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो बेंजो निराळा. या मुलखात बेंजो म्हटलं की लोकांना तोच आठवतो. मला लांब दांडी आहे, खाली डफासारखं गोल कातडं आहे आणि पाच तारा आहेत. पाचवी तार आखूड, ती दांडीच्या मध्यावरूनच निघते. ती बघून जो तो विचारतो, ‘ह्याचं काय मोडलंय का?’ ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

खरं सांगायचं तर मी दमलो आहे. त्यामुळे बोलता बोलता मध्येच थांबलो तर समजून घ्या.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. जन्माचं कुणाच्या ध्यानात असतं? मला कळायला लागलं तेव्हा मी एका गोऱ्या डॉक्टरच्या हातात होतो, आणि तो डॉक्टर मिरजेत हाडं जोडायचं काम करत होता. दिवसभर प्लॅस्टर आणि संध्याकाळी मी. तो अंगठ्याने आणि दोन बोटांनी मला वाजवायचा. त्याची बायको शेजारी बसून गिटारवर नुसता ठेका धरायची. ती साथ मला लागायचीच. माझे सूर ज्वारीच्या लाह्यांसारखे तडतडतात आणि लगेच विझतात. खाली कुणीतरी ठेका धरून बसलं, तरच त्यांची चाल होते.

व्हरांड्याच्या पायरीखाली जीप उभी असायची आणि जीपच्या फूटबोर्डावर अर्जुना बसलेला असायचा. अर्जुना या डॉक्टरसाहेबाचा ड्रायव्हर. जतेकडचा, घरची मेंढरं. ‘घरी जा आता,’ असं साहेबाने सांगितलं तरी तो जायचा नाही. माझ्याकडे आणि साहेबाच्या बोटांकडे टक लावून बघत बसायचा.

भूकंप झाला त्या वर्षी साहेब जीप घेऊन कोयनानगरला गेला. मागच्या बाजूला औषधांच्या पेट्या, घोंगड्या आणि घोंगड्यांत गुंडाळलेला मी. तिथे तंबूत राहणाऱ्या लोकांच्या पायाखालची जमीन अधूनमधून पुन्हा घुमायची. तसं झालं की पोरं रडायला लागायची आणि थांबायचीच नाहीत. एका संध्याकाळी साहेबाने मला बाहेर काढलं आणि एक चाल सुरू केली. बायको मिरजेला राहिलेली, त्यामुळे साथीला कुणी नव्हतं. मी एकटाच तडतडत होतो. तेवढ्यात अर्जुनाने जीपच्या बॉनेटवर दोन्ही हातांनी ठेका धरला. चुकतमाकत धरला, पण धरला. पोरं रडायची थांबून बॉनेटकडे बघायला लागली. साहेब हसला, आणि त्या चालीने अर्जुनाच्या डोक्यात जे घर केलं ते कायमचं.

बहात्तर साली साहेबाने गाशा गुंडाळला. निघताना त्याने मला आणि एका टेपरेकॉर्डरला अर्जुनाच्या हवाली केलं. टेपाची विजेची वायर मात्र चुकून साहेबाच्याच सामानात गेली, त्यामुळे तो टेप पुढे आयुष्यभर सेलवरच चालला. ही बारीकसारीक गोष्ट आत्ता सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथेच अडतं.

अशा रीतीने मी स्टेशनजवळच्या चाळीत आलो. एक खोली, एक बल्ब, एक चूल आणि सुलाबाई. सुलाबाई म्हणजे अर्जुनाची बायको. ती एका दवाखान्यात आया होती. दिवसभर फरशा पुसायच्या, चादरी धुवायच्या, म्हाताऱ्या पेशंटांना उचलून बसवायचं. मला पहिल्यांदा बघितल्यावर ती म्हणाली, “आवं, ह्येला बटणं कुठं हायत?”

त्या वर्षी दुष्काळ. हवा अशी कोरडी पडली की उन्हाळ्यात माझं कातडं मधोमध फाटलं. अर्जुना मला घेऊन सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंच्या दुकानात गेला. दस्तगीरभाईंनी ढोलकीवाल्याकडून बकऱ्याचं कातडं आणवून मला चढवलं. मग त्यांची नजर माझ्या आखूड तारेवर गेली. मी म्हटलं, आला प्रश्न. पण त्यांनी ती तार नखाने छेडली आणि ओरडून भावाला बोलावलं. “अरे इकडं ये! ही तर चिकारी हाय की!” सतारीला बाजूला बारीक तारा असतात, मध्ये मध्ये छेडून लय धरायला, त्या चिकारीच्या. मिरजेत कुणालाही कळेल अशी गोष्ट. सगळं दुकान माझ्याभोवती जमलं. आपलं या गावात कुणीतरी आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

अर्जुना शिकायला बसला. शिकवणारा कुणी नाही, पुस्तक नाही, नुसती डोळ्यांनी साठवलेली विद्या. स्टिअरिंग धरून राठ झालेली बोटं. साहेबाच्या तीन चाली त्याला आठवत होत्या. खरी नावं ठाऊक नव्हती म्हणून त्यानेच नावं ठेवली. त्यातली एक ‘कोयनेची चाल’. तीच त्याला अख्खी यायला हवी होती. पण एकटा वाजवायला बसला की तो पुढे पुढे पळायचा. सपाट रस्ता मिळालेल्या जीपसारखा. मग धापा टाकत थांबायचा.

“तुमी लय पळताय,” सुलाबाई चुलीपुढून म्हणाली. “थांबा जरा.”

तिने पितळी घागर पुढ्यात घेतली आणि बोटातल्या अंगठीने तिच्यावर ठेका धरला. टण, टण-टण, टण. त्याबरोबर तोंड मिटून एकच सूर, जात्यावर बसल्यासारखा. अर्जुना त्या सुरावर आला आणि माझ्या तारा पहिल्यांदा जमिनीवर उभ्या राहिल्या. पुढचं वर्षभर रोज जेवणं झाली की हे चालायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष कुठलं असं कुणी विचारलं, तर मी तेच सांगेन.

पण सुलाबाई दमायची. वाजवता वाजवता तिचा हात खाली यायचा, डोळे मिटायचे. अर्जुनाला ते दिसायचं. वाईट माणूस नव्हता तो. एका रविवारी दुपारी तो म्हणाला, “सुले, एकदाच नीट वाजव. टेपात भरून ठेवतो. मग तुला रोजचा तरास न्हाई.”

बाहेरचा आवाज नको म्हणून दाराला वाकळ लावली. टेपात नवे कोरे सेल घातले. साहेबाच्या एका कॅसेटवर, त्यातलं जुनं पुसून, सुलाबाईची साथ भरली गेली. घागर, हुंकार, बांगड्यांचा किणकिणाट, मध्येच स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी. मी गप्प होतो. माझी जागा मोकळी ठेवायची होती. एक बाजू संपत आली तशी सुलाबाई म्हणाली, “आवं, झालं का? हात भरून आला माजा.” तेही भरलं गेलं. खटका पडला आणि टेप थांबला. त्या दिवशी दोघेही फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवसापासून सुलाबाईला खरंच त्रास उरला नाही. अर्जुना टेप लावायचा आणि मला मांडीवर घ्यायचा. चुकला की मागे फिरवायचा. पुन्हा चुकला की पुन्हा. टेपातली सुला कंटाळत नव्हती, जांभई देत नव्हती, ‘उद्या बघू’ म्हणत नव्हती. शेवटी फक्त म्हणायची, “हात भरून आला माजा,” आणि अर्जुना बटण दाबून तिला पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावायचा. खरी सुलाबाई भांडी घासत पाठमोरी बसलेली असायची. सुरुवातीला ती हसायची. नंतर हसायची थांबली. पण अर्जुनाचं लक्ष बोटांकडे होतं.

पहिले सेल संपले तेव्हा त्याने नवे आणले नाहीत. दवाखान्यातल्या बॅटऱ्यांमधून काढून टाकलेले सेल तो गोळा करायचा आणि चाळीच्या पत्र्यावर उन्हात वाळत घालायचा. सेल उन्हात तापले की थोडा जीव धरतात, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. पण तो जीव अर्धामुर्धाच. टेप हळू फिरायचा आणि हळू फिरला की त्यातला सूर खाली उतरायचा. त्यात आतला रबरी पट्टाही वर्षागणिक सैल पडत गेला. सुलाबाईचा हुंकार जाड झाला, घागर लांब लांब पडायला लागली, गाडीची शिटी बैलाच्या हंबरण्यासारखी झाली.

यावर अर्जुनाने काय करावं? टेपाकडे बघण्याऐवजी त्याने माझे कान पिळले. सूर जुळत नाही म्हणून माझ्या तारा थोड्या उतरवल्या. काही महिन्यांनी आणखी थोड्या. चार वर्षांत मी इतका ढिला झालो की तारा दांडीवर खुळखुळायला लागल्या. तडतडणारी कोयनेची चाल आता पेंगत पेंगत चालायची. अर्जुनाला वाटायचं, आपला हात बसला, आता आपण पळत नाही. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. पण वाद्याला तोंड दुसऱ्याच्या बोटांनी फुटतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुलाबाईची आई, हरणाबाई, मोतीबिंदू काढायला मिरजेला आली. ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने पहिल्यापासूनच फारसं दिसत नव्हतं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. अर्जुना नेहमीप्रमाणे टेप लावून वाजवत होता. बाजू संपली आणि टेपातून आवाज आला, “आवं, झालं का? हात भरून आला माजा.”

म्हातारीने मान वळवली. “मग ठेव की गं बाई,” ती टेपाच्या दिशेने म्हणाली. “दिसभर राबून आलीस. किती वाजवशील?”

अर्जुनाला हसू आलं. हसता हसताच त्याने बटण दाबून टेप मागे फिरवला. दारात सुलाबाई उभी होती, काखेत भरलेली घागर घेऊन.

“आये, ती मी न्हवं,” ती म्हणाली. “मी हितं हाय.”

घागर खाली ठेवून ती अर्जुनाकडे वळली. “माज्या आयला दिसत न्हाई, तरी तिला कळलं. रोज ती बाई म्हणतीया हात भरून आला, आन् रोज तुमी तिला माघारी फिरवताय.”

“अगं, तुला तरास नगो म्हणून तर केलं ह्ये!”

“व्हय, केलंसा. चार वरसं झाली. त्यात एकदा तरी इचारलंसा का, सुले, आज वाजवतीस का म्हणून? मी कवातरी न्हाई म्हटलं असतं. कवा व्हय बी म्हटलं असतं. डब्यातली सुला न्हाई म्हणत न्हाई, म्हणून ती ग्वाड.”

टेप मागे फिरून फिरून खट्कन थांबला.

आईची पट्टी निघाल्यावर सुलाबाई तिला पोचवायला माहेरी गेली आणि परत आली नाही. दवाखान्यातली रजा संपली, वाढवलीही. अर्जुनाने निरोप धाडला. तिचा भाऊ ज्योतिबा बाजाराला आला तेव्हा त्याने उलटा निरोप आणला. “दाजी, ती म्हणतीया, डबा हाय की त्यांच्याजवळ.”

त्या दिवसांत अर्जुनाने मला फार वाजवलं. भाकरी करायचं जिवावर येई म्हणून चुरमुऱ्यावर राही, पण टेप लावायचा. त्या खोलीत तिचा आवाज असण्याचा तेवढाच एक मार्ग उरला होता. आणि एक दिवस तोही आवाज घरघरला आणि बसला.

अर्जुना घाबरा होऊन टेप काखोटीला मारून नानासोकडे धावला. नानासो त्याचा दोस्त, लग्नात लाउडस्पीकर लावणारा. मीही बरोबर होतो. नानासोने टेप उघडला, पट्टा बदलला, नवे सेल घातले आणि बटण दाबलं. घागर अशी टणटणत सुटली की अर्जुना दचकलाच. हुंकार वर गेलेला, बारीक, ताजा.

“बिगाडलास रं टेप!” तो ओरडला.

“बिगाडला न्हाई गड्या, आत्ता सुदारला,” नानासो म्हणाला. “सेल कुठलं घालत हुतास? आरं, इतकी वरसं वैनीस्नी रांगाय लावलंस की.”

अर्जुना बराच वेळ ऐकत राहिला. सुलाचा हा आवाज तो विसरून गेला होता. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. त्याच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं, कारण त्याने माझ्या खुंट्या पिळायला घेतल्या. हा आवाज सुलाला ऐकवायचा, तिच्यापुढे कोयनेची चाल वाजवायची, की राग गेलाच म्हणून समजा. चार वर्षांची ढील त्याने एका दुपारी वर चढवली. माझी दांडी करकरली आणि आखूड तार तुटली. दस्तगीरभाईंनी तिच्या जागी सतारीच्या चिकारीची तार बसवून दिली. माझ्या जिवाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

एस.टी.च्या टपावर नाही, अर्जुनाच्या मांडीवर बसून मी जतेकडे, सुलाबाईच्या माहेरी गेलो, एवढा मान मिळाला. माळावर बाभळीखाली सुलाबाई चातीवर लोकर कातत बसली होती. शेजारी म्हातारी. नवा डोळा मिचकावत तिने जावयाला नीट बघून घेतलं. अर्जुनाने घोंगडीवर टेप ठेवला.

“ऐक सुले. तुजा आवाज हुता तसा झालाय बग.”

टेप सुरू झाला. अर्जुनाने मला छेडलं आणि चार सूर जाताच तो मागे पडला. बोटं पेंगायला शिकलेली, टेपातली सुला तर तरणीताठी. त्याने पुन्हा गाठायचा प्रयत्न केला, पुन्हा सुटला. ज्योतिबा फिसकन हसला. शेवटी अर्जुनाने हात काढून घेतला आणि टेप एकटाच वाजत राहिला. घागर, हुंकार, बांगड्या, गाडीची शिटी. सुलाबाई चाती हातात धरून ऐकत होती, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तशी.

“आवं, झालं का? हात भरून आला माजा.”

सवयीने अर्जुनाचं बोट मागे फिरवायच्या बटणावर गेलं. तिथेच थांबलं. त्या बोटाला मी ओळखतो, आणि ते कधी थांबलेलं मी बघितलं नव्हतं. त्याने बोट उचललं. सुलाबाईच्या हातांकडे बघितलं. सोड्याच्या पाण्याने कातडी गेलेली, पेरं सुजलेली, अंगठी आता बोटात वर सरकत नव्हती.

“दमलीस व्हय गं?” त्याने विचारलं.

सुलाबाईने चाती खाली ठेवली. “व्हय,” ती म्हणाली. “लय दमले.” आणि तिला रडू आलं.

परत चल असं तो म्हणाला नाही. वाजवू का असंही म्हणाला नाही. तिच्या शेजारी घोंगडीवर बसून राहिला. थोड्या वेळाने ज्योतिबाने टेपातले सेल काढले. मेंढरांकडे जायला त्याच्या बॅटरीला हवे होते. कुणी त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाईच आली. “घागर पाण्याला गेलीया,” ती म्हणाली. “कळशी चालंल का?”

कळशीवर तिने ठेका धरला. अंगठीने नाही, पेरं दुखत होती म्हणून तळहाताने. संथ. हुंकारही आता खालचा, थोडा घोगरा. अर्जुनाने कान देऊन ऐकलं आणि माझी एकेक तार उतरवत तिच्या सुराला आणली. मी जवळजवळ तिथेच येऊन थांबलो, जिथे त्या वाळवलेल्या सेलांनी मला नेऊन ठेवलं होतं. पण तेव्हा मी ढिला पडलो होतो, आता जुळलो होतो. कोयनेची चाल त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली. साहेबाने ऐकली असती तर ओळखली नसती बहुतेक.

आठवड्याने दोघेही मिरजेला आले. टेप आता फळीवर आहे, आत सेल नाहीत. कॅसेट सुलाबाईने टाकू दिली नाही. म्हणाली, असू दे, तरुणपणचा आवाज आहे. मी खुंटीवर असतो. पावसाळ्यात माझं कातडं सर्द होतं, चुलीपुढे धरल्याशिवाय बोलत नाही. दांडी जराशी वाकली आहे. मला आता फार दिवस निघतील असं वाटत नाही.

उद्या मी दुसऱ्या कुणाच्या हाती गेलो तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे. घेतल्या घेतल्या माझ्या तारा वर चढवू नका. साथीला कोण बसलंय ते आधी बघा, त्याला विचारा, आणि मग माझे कान पिळा.

आत्ताच सुलाबाई कामावरून आली. दारात चपला काढून ती भिंतीला टेकून बसली आहे. अर्जुनाने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आज वाजवतीस?”

“आज न्हाई,” ती म्हणाली.

“बरं,” असं म्हणून तो चहाचं आधण ठेवायला उठला.